मंगळवारच्या रात्रीचे मैदान : मिड-अमेरिकन कॉन्फरन्सची ऐंशी वर्षे

अमेरिकेच्या प्रामुख्याने ओहायो, मिशिगन, इंडियाना आणि इलिनॉय या राज्यांतील, तसेच न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या बफलो शहरातील विद्यापीठांना क्रीडाक्षेत्रात एकत्र बांधत आलेली मिड-अमेरिकन कॉन्फरन्स ही संस्था २४ फेब्रुवारी १९४६ रोजी स्थापन झाली आणि २०२६ मध्ये तिने ऐंशी वर्षे पूर्ण केली. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे सामने खेळणाऱ्या, समान नियम पाळणाऱ्या आणि उत्पन्नाचा काही भाग आपसांत वाटून घेणाऱ्या विद्यापीठांची परिषद होय. मिड-अमेरिकन कॉन्फरन्सचा उल्लेख तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सर्वत्र ‘मॅक’ असा केला जातो.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाची कल्पना आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धांवरून येणे कठीण आहे. तेथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो अंडाकृती चेंडू हातात घेऊन, फेकून आणि अंगावर धावून येणाऱ्यांना चुकवून खेळला जाणारा खेळ आहे आणि त्याच्या विद्यापीठीय सामन्यांना व्यावसायिक सामन्यांच्या तोडीचा प्रेक्षकवर्ग आहे. मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बर येथील क्रीडागारात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. तेथून अगदी जवळ असलेल्या इप्सिलँटी या गावी ईस्टर्न मिशिगन हे ‘मॅक’चे सभासद विद्यापीठ आहे, आणि शनिवारी दुपारी अ‍ॅन आर्बरकडे जाणाऱ्या मोटारींची रांग लागलेली असताना आपल्या मैदानावर प्रेक्षक कसे आणावेत हा प्रश्न त्या विद्यापीठापुढे कायमचाच आहे. थोड्याफार फरकाने परिषदेच्या प्रत्येक सभासदाची हीच स्थिती आहे, कारण ज्या प्रदेशात ‘मॅक’ वाढली तो प्रदेश ‘बिग टेन’ या बलाढ्य परिषदेचा बालेकिल्ला आहे. मोठ्यांच्या सावलीत राहून आपले अस्तित्व लोकांच्या नजरेस कसे आणावे, या प्रश्नाला ऐंशी वर्षांत दिलेल्या उत्तरांचा आढावा म्हणजेच या संस्थेचा इतिहास होय.

चाळीसचे दशक : स्थापना आणि पार्श्वभूमी

दुसरे महायुद्ध संपताच युद्धावरून परतलेले लाखो तरुण सैनिक सरकारी साहाय्यावर उच्च शिक्षणासाठी दाखल होऊ लागले. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला होता. त्यामुळे युद्धकाळात ओस पडलेली विद्यापीठे एकाएकी गजबजली आणि त्यांतील क्रीडासंघांना पुन्हा माणसे मिळाली. वयाने प्रौढ, शिस्तीला सरावलेले हे विद्यार्थी मैदानावर उतरले तेव्हा मध्यम आकाराच्या विद्यापीठांना आपल्या तोलामोलाचे प्रतिस्पर्धी, ठरलेले वेळापत्रक आणि विजेतेपदाची निश्चित पद्धत यांची गरज भासू लागली.

या गरजेतून ओहायो विद्यापीठ, बटलर, सिनसिनाटी, वेन आणि वेस्टर्न रिझर्व्ह ही पाच विद्यापीठे एकत्र आली. त्यांत सरकारी होती तशी खासगीही होती, शहराच्या मध्यवस्तीत वसलेली होती तशी १८०४ मध्ये स्थापन झालेल्या ओहायो विद्यापीठासारखी टेकड्यांच्या कुशीतील जुनी संस्थाही होती. या विविधतेमुळे आरंभीची घडी काहीशी सैल राहिली. वेन विद्यापीठ पहिल्या वर्षानंतरच वेगळे झाले आणि पुढे बटलरनेही निरोप घेतला. परंतु त्यांच्या जागी मायामी आणि वेस्टर्न मिशिगन ही विद्यापीठे आली. येथे उल्लेखिलेले मायामी हे फ्लोरिडातील शहर नसून ओहायो राज्याच्या ऑक्सफर्ड गावातील, १८०९ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आहे. परिषदेचे पहिले आयुक्त, म्हणजे प्रशासकीय प्रमुख, म्हणून डेव्ह रीस यांनी १९६४ पर्यंत काम पाहिले आणि परिषदेच्या कारभाराची पायाभरणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली.

पन्नासचे दशक : नव्या सभासदांची भर आणि दूरचित्रवाणीचे निर्बंध

पन्नासच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत टोलेडो, केंट स्टेट आणि बोलिंग ग्रीन ही विद्यापीठे आणि त्यापाठोपाठ वेस्ट व्हर्जिनियातील मार्शल विद्यापीठ परिषदेत दाखल झाले. याच काळात सिनसिनाटी आणि वेस्टर्न रिझर्व्ह यांनी आपला मार्ग वेगळा केला, त्यामुळे पाच संस्थापकांपैकी ओहायो हे एकच विद्यापीठ परिषदेत उरले. नव्याने आलेल्या केंट स्टेट आणि बोलिंग ग्रीन या संस्था मुळात शाळाशिक्षक घडवणारी अध्यापन विद्यालये होती. १९०३ मध्ये सुरू झालेल्या वेस्टर्न मिशिगनचाही उगम तसाच होता. आपल्या राज्यातील कारखानदार आणि शेतकरी कुटुंबांतील मुलांना शिकवणारी सरकारी विद्यापीठे, असे परिषदेचे जे रूप आज दिसते ते या दशकात ठरले.

याच दशकात दूरचित्रवाणी घरोघर पोहोचू लागली. घरबसल्या सामना दिसला तर तिकीट काढून मैदानावर कोण येईल, ही भीती त्या काळी क्रीडाव्यवस्थापनाला ग्रासून होती. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संघटनेने त्यामुळे प्रक्षेपणाचे सर्वाधिकार स्वतःकडे घेतले आणि १९५२ पासून देशभर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांची संख्या आठवड्याला एक एवढीच ठेवली. ‘मॅक’सारख्या परिषदेला या व्यवस्थेत क्वचितच वाव मिळत असे; पण पडद्यावर दिसण्याची संधी मोठ्यांनाही मोजूनमापून मिळत असल्याने लहान-मोठ्यांतील अंतर आजच्याइतके रुंदावले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

साठचे दशक : प्रशिक्षकांची पाठशाळा

१९५५ ते १९६९ या काळात परिषदेत सात सभासद होते आणि हा तिच्या इतिहासातील स्थैर्याचा पहिला कालखंड होता. डेव्ह रीस यांच्यानंतर १९६४ मध्ये बॉब जेम्स आयुक्त झाले. पुढे अटलांटिक किनाऱ्यावरील मोठ्या परिषदेने त्यांना आपल्या आयुक्तपदासाठी बोलावून घेतले, यावरून या लहान परिषदेत घडणाऱ्या माणसांची योग्यता लक्षात येते.

प्रशिक्षकांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे होते. वुडी हेज, आरा पार्सेगियन आणि बो शेंबेक्लर या तिघांनीही मायामी विद्यापीठाच्या संघाला शिकवले आणि पुढे अनुक्रमे ओहायो स्टेट, नोत्र दाम आणि मिशिगन या नामांकित संघांचे नेतृत्व केले. मायामीला ‘प्रशिक्षकांचा पाळणा’ असे नाव पडले ते यामुळेच. मात्र पाळण्यातून बाहेर पडलेले मूल मोठे झाल्यावर दुसऱ्याच्या अंगणात खेळते, हा अनुभव परिषदेच्या वाट्याला तेव्हापासून आजतागायत येत राहिला आहे.

दशकाच्या अखेरीस टोलेडो विद्यापीठाने १९६९, १९७० आणि १९७१ अशा सलग तीन हंगामांत एकही सामना न गमावता ओळीने ३५ विजय मिळवले. त्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चालीचा आरंभ करणारा सूत्रधार खेळाडू, चक ईली हा होता. कृष्णवर्णीय खेळाडूला या जागेवर खेळवण्यास व्यावसायिक संघ त्या काळी राजी नसल्याने तो कॅनडात गेला आणि तेथील पहिल्याच हंगामात, १९७२ मध्ये, त्याने आपल्या संघाला राष्ट्रीय करंडक मिळवून दिला. मार्शल विद्यापीठ १९६९ मध्ये परिषदेबाहेर गेले. पुढच्याच वर्षी, १४ नोव्हेंबर १९७० रोजी, मार्शलच्या संघाला घेऊन परतणारे विमान कोसळून त्यातील सर्व ७५ जण मृत्युमुखी पडले. त्यांची स्मृती या इतिहासाचाही भाग आहे.

सत्तरचे दशक : विस्तार आणि पहिली राष्ट्रीय ओळख

फ्रेड जेकोबी यांच्या कारकिर्दीत (१९७१ ते १९८२) सेंट्रल मिशिगन, ईस्टर्न मिशिगन, इंडियानातील बॉल स्टेट आणि इलिनॉयमधील नॉर्दर्न इलिनॉय ही विद्यापीठे परिषदेत आली आणि सभासदसंख्या दहावर पोहोचली. मैदानावरील कामगिरीही या वेळी बहरात होती. हंगामाच्या अखेरीस निमंत्रित संघांमध्ये होणाऱ्या मानाच्या सामन्यांना अमेरिकेत ‘बाउल’ म्हणतात. त्यांपैकी फ्लोरिडातील टँजरीन बाउलमध्ये ‘मॅक’च्या विजेत्याला स्थान मिळत असे. मायामीच्या संघाने १९७३ मध्ये फ्लोरिडा, १९७४ मध्ये जॉर्जिया आणि १९७५ मध्ये साउथ कॅरोलायना अशा दक्षिणेतील तीन नामवंत विद्यापीठांना तेथे ओळीने हरवले. १९७२ मध्ये केंट स्टेटने विजेतेपद मिळवले त्या संघात निक सेबन हा तरुण खेळत होता. तोच पुढे अलाबामाचा प्रशिक्षक म्हणून या खेळातील सर्वांत यशस्वी नावांपैकी एक झाला.

दूरचित्रवाणीची व्यवस्था या दशकात एबीसी या वाहिनीकडे एकवटली होती. एनसीएएच्या योजनेत राष्ट्रीय सामन्यांबरोबर प्रादेशिक सामनेही दाखवले जात आणि प्रादेशिक प्रक्षेपणाचा मोबदला सामना किती केंद्रांवरून दिसला यावर अवलंबून नसे. या पद्धतीचे एक उदाहरण पुढे न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदवले गेले. १९८१ मध्ये एकाच दिवशी ओक्लाहोमा विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया हा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखवला गेला, तर सिटाडेल विरुद्ध अ‍ॅपलेशियन स्टेट हा सामना अवघ्या चार केंद्रांवरून. परंतु चारही संघांना मिळालेली रक्कम सारखीच होती. मोठ्या विद्यापीठांना हा अन्याय वाटला, लहानांना आधार वाटला. १९७७ मध्ये मोठ्या विद्यापीठांपैकी अनेकांनी कॉलेज फुटबॉल असोसिएशन नावाची वेगळी संघटना उभारली; तिच्यात ‘मॅक’ नव्हती.

ऐंशीचे दशक : न्यायालयाचा निकाल आणि बदललेला बाजार

हे दशक परिषदेच्या दृष्टीने सर्वांत कसोटीचे ठरले. एनसीएएने १९७८ मध्ये फुटबॉलच्या वरच्या विभागाचे दोन भाग केले होते. १९८२ पासून त्यांतील वरच्या भागात राहण्यासाठी क्रीडागाराची आसनक्षमता आणि सरासरी प्रेक्षकसंख्या यांचे निकष काटेकोरपणे लावले गेले, तेव्हा ‘मॅक’च्या अनेक सभासदांचे तेथील स्थान धोक्यात आले. परिषदेच्या पदाधिकाऱ्यांनी आणि विद्यापीठांच्या प्रमुखांनी एकजुटीने प्रयत्न करून हे संकट निभावले आणि परिषद वरच्या भागातच राहिली.

त्याहून दूरगामी घटना २७ जून १९८४ रोजी घडली. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन विद्यापीठांनी एनसीएएच्या प्रक्षेपणयोजनेला आव्हान दिले होते. ही योजना मुक्त स्पर्धेवर घातलेले बेकायदा बंधन आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मताधिक्याने दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला, तर भिन्नमत नोंदवणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः तरुणपणी नामवंत फुटबॉलपटू होते. रद्द झालेल्या योजनेत एबीसी आणि सीबीएस या वाहिन्यांशी चार वर्षांसाठी एकूण सुमारे २६ कोटी ३५ लाख डॉलरचा करार होता. तिच्यात एकाच संघाला किती वेळा दाखवावे यावर मर्यादा होती आणि प्रत्येक वाहिनीने दोन वर्षांत किमान ८२ वेगवेगळ्या विद्यापीठांना दाखवले पाहिजे अशी अटही होती. लहान विद्यापीठांना पडद्यावर आणणारी खरी तरतूद हीच होती आणि निकालाने ती एका दिवसात नाहीशी झाली.

त्यानंतर जो तो आपापले हक्क विकण्यास मोकळा झाला. पडद्यावर दिसणाऱ्या सामन्यांची संख्या वेगाने वाढली, परंतु वाहिन्यांनी निवडले ते अर्थातच अधिक प्रेक्षक खेचणारे संघ. पूर्वी नियमाने मिळणारा अल्पसा वाटा गेला आणि बाजारात स्वतःची किंमत ठरवून घेण्याची वेळ ‘मॅक’वर आली. जेम्स लेसिग यांच्या आयुक्तपदाच्या काळात (१९८२ ते १९९०) परिषदेचा विजेता दरवर्षी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे कॅलिफोर्निया बाउलमध्ये खेळत असे. वर्षातून एकदा घराबाहेर आपली ओळख पटवण्याचे ते महत्त्वाचे साधन होते. नॉर्दर्न इलिनॉय १९८६ मध्ये वेगळे झाले. उरलेल्या नऊ विद्यापीठांनी परस्परांना धरून राहणे पसंत केले.

या काळोखातच एक किरण होता. ७ सप्टेंबर १९७९ रोजी कनेटिकट राज्यातील ब्रिस्टल येथून सुरू झालेली ईएसपीएन ही चोवीस तास खेळ दाखवणारी केबल वाहिनी आता स्थिरावत होती आणि चोवीस तास भरून काढायचे तर तिला सामने हवे होते.

नव्वदचे दशक : अंतिम सामना आणि मोटर सिटी

१९९२ मध्ये अ‍ॅक्रन, १९९७ मध्ये पुनरागमन करणारी मार्शल आणि नॉर्दर्न इलिनॉय आणि दशकाच्या अखेरीस बफलो, अशी भर पडत परिषद मोठी झाली. सभासद वाढल्यामुळे तिची पूर्व आणि पश्चिम अशा दोन गटांत विभागणी करणे शक्य झाले आणि त्यातून गटविजेत्यांमधील अंतिम सामन्याची कल्पना पुढे आली. डिसेंबर १९९७ मध्ये मार्शलच्या गावी, हंटिंग्टन येथे, झालेल्या पहिल्या अंतिम सामन्यात मार्शलने टोलेडोला ३४-१४ असे हरवले. त्या संघात चेंडू झेलण्यात असामान्य असलेला रँडी मॉस आणि क्वार्टरबॅक चॅड पेनिंग्टन हे दोघेही होते. अंतिम सामन्याचे महत्त्व खेळापुरते नव्हते. परिषदेला वर्षातून एक असा सामना मिळाला की जो कोणत्याही वाहिनीला निर्णायक सामना म्हणून विकता येईल.

त्याच महिन्यात मिशिगनमधील पाँटियाक येथे मोटर सिटी बाउल सुरू झाला आणि परिषदेच्या विजेत्याला घराजवळ हंगामाची सांगता करण्याची जागा मिळाली. १९९९ मध्ये मार्शलने १३ पैकी १३ सामने जिंकून राष्ट्रीय क्रमवारीत दहावे स्थान मिळवले. कार्ल बेन्सन आणि जेरी इप्पोलिटी यांनी या दशकात आयुक्तपद सांभाळले आणि १९९९ मध्ये रिक ख्रिस्ट यांच्याकडे सूत्रे आली.

२००० ते २००९ : आठवड्याच्या मधल्या रात्री

परिषदेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय या दशकाच्या आरंभी आकाराला आला. अमेरिकेत फुटबॉलचे वार पूर्वापार वाटून घेतलेले आहेत. शुक्रवारची रात्र शालेय सामन्यांची, शनिवार महाविद्यालयांचा, रविवार आणि सोमवारची रात्र व्यावसायिक संघांची. १९६१ च्या एका कायद्याने तर हंगामातील शुक्रवारची रात्र आणि शनिवार यांना व्यावसायिक सामन्यांच्या प्रक्षेपणापासून संरक्षणही दिले. शनिवारी ‘मॅक’चा सामना दाखवायचा तर मिशिगन किंवा ओहायो स्टेटच्या सामन्याशी टक्कर घ्यावी लागे आणि ती टक्कर घेण्याआधीच निकाल ठरलेला असे. मंगळवार आणि बुधवारच्या रात्री मात्र कोणाच्याच नव्हत्या. नोव्हेंबरमध्ये बेसबॉलचा हंगाम संपलेला असतो आणि ईएसपीएनला या दोन रात्री भरून काढायच्या असतात. परिषदेने या रिकाम्या रात्री मागून घेतल्या आणि वाहिनीने त्या दिल्या.

या निर्णयाची किंमत लहान नव्हती. तापमान गोठणबिंदूच्या आसपास असताना, दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग किंवा कामाची पाळी असताना मैदानावर येणारे प्रेक्षक थोडे असत. अ‍ॅक्रनच्या किंवा मन्सी येथील बॉल स्टेटच्या मैदानावरील आसनांच्या रिकाम्या रांगा कॅमेऱ्यातून देशभर दिसत. खेळाडूंना आठवड्याच्या मध्ये प्रवास करावा लागे आणि अभ्यासाचे वेळापत्रक त्याला जुळवून घ्यावे लागे. याविषयी सभासदांमध्ये वेळोवेळी चर्चा झाली. तथापि शनिवारी थोडे अधिक प्रेक्षक बसवून कोणाच्याच दृष्टीस न पडण्यापेक्षा मंगळवारी रिकाम्या आसनांसमोर खेळून देशभर दिसणे बरे, हा विचार अखेर सर्वांना पटला.

दिसण्याइतकेच महत्त्व दाखवण्याजोगे काही असण्यालाही होते आणि या दशकाने ते भरपूर दिले. डिसेंबर २००१ मध्ये बुधवारी रात्री झालेल्या जीमॅक बाउलमध्ये ८-३८ अशा पिछाडीवरून मार्शलने ईस्ट कॅरोलायनाला दोन जादा डावांत ६४-६१ असे हरवले. २० सप्टेंबर २००३ हा शनिवार तर परिषदेच्या स्मरणात कायमचा कोरला गेला आहे. त्या एकाच दिवशी मार्शलने क्रमवारीत सहाव्या असलेल्या कॅन्सस स्टेटला, टोलेडोने नवव्या असलेल्या पिट्सबर्गला आणि नॉर्दर्न इलिनॉयने एकविसाव्या असलेल्या अलाबामाला हरवले. महिन्याभराने, २५ ऑक्टोबर २००३ रोजी, ईएसपीएनचा ‘कॉलेज गेमडे’ हा दर शनिवारी एका मोठ्या सामन्याच्या गावी जाऊन सादर होणारा कार्यक्रम प्रथमच ‘मॅक’च्या मैदानावर, बोलिंग ग्रीनला, आला. त्याच हंगामात क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गर याच्या मायामी संघाने १३ विजय मिळवून राष्ट्रीय क्रमवारीत दहावे स्थान पटकावले आणि पुढच्या वर्षी पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली.

२००४ पासून अंतिम सामना डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड या छत असलेल्या क्रीडागारात होऊ लागला. २००५ मध्ये मार्शलने आणि त्याच सुमारास अल्पकाळ सोबत असलेल्या सेंट्रल फ्लोरिडाने निरोप घेतला. त्यानंतर टेम्पल आणि मॅसॅच्युसेट्स ही विद्यापीठेही काही वर्षे केवळ फुटबॉलपुरती परिषदेत राहिली. २००९ मध्ये जॉन स्टाइनब्रेकर आयुक्त झाले.

२०१० ते २०१९ : ‘मॅक्शन’

१ नोव्हेंबर २०११ या मंगळवारी रात्री टोलेडोच्या ग्लास बाउल मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयने टोलेडोला ६३-६० असे हरवले. एका सामन्यात १२३ गुण पाहिलेल्या प्रेक्षकांना पुन्हा मंगळवारची वाट पाहावीशी वाटली नसती तरच नवल. परिषदेचे नाव आणि ‘अ‍ॅक्शन’ हा शब्द यांना जोडून तयार झालेले ‘मॅक्शन’ हे नाव याच काळात लोकांच्या तोंडी बसले आणि परिषदेने ते आनंदाने आपले म्हणून स्वीकारले. एरवी परिषदेचे संघही न ओळखणारे प्रेक्षक आता मधल्या रात्रींचा खेळ या नावाने ओळखू लागले.

पुढच्या वर्षी नॉर्दर्न इलिनॉयने अंतिम सामन्यात केंट स्टेटला दोन जादा डावांत ४४-३७ असे हरवले आणि राष्ट्रीय क्रमवारीत पंधरावे स्थान मिळवून ऑरेंज बाउलमध्ये प्रवेश केला. १ जानेवारी २०१३ रोजी फ्लोरिडा स्टेटकडून ३१-१० अशी हार पत्करावी लागली, तरी त्या काळच्या सर्वांत प्रतिष्ठित पाच सामन्यांच्या मालिकेत खेळणारा ‘मॅक’चा तो पहिलाच संघ होता. २०१६ मध्ये वेस्टर्न मिशिगनने १३ पैकी १३ सामने जिंकले, ‘कॉलेज गेमडे’ १९ नोव्हेंबरला त्या विद्यापीठाच्या कॅलमझू या गावी आला आणि तो संघ कॉटन बाउलमध्ये विस्कॉन्सिनकडून २४-१६ असा थोडक्यात हरला.

या वाढत्या ओळखीच्या बळावर ऑगस्ट २०१४ मध्ये परिषदेने ईएसपीएनशी १३ वर्षांचा, २०२६-२७ पर्यंतचा करार केला. वृत्तपत्रांतील माहितीनुसार त्यातून प्रत्येक सभासदाच्या वाट्याला वर्षाकाठी दहा लाख डॉलरहून कमी रक्कम येते. पुढे २०२२ मध्ये बिग टेनने तीन वाहिन्यांशी सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा करार केला, त्यावरून दोन्ही परिषदांतील अंतर स्पष्ट होते.

रकमेपेक्षा या कराराचे मोल दुसऱ्या एका गोष्टीत होते. इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांचे चित्रण विद्यापीठांनी स्वतः करावयाचे ठरल्यामुळे प्रत्येक सभासदाने नियंत्रणकक्ष, कॅमेरे आणि केबलची जोडणी यांवर खर्च केला, आणि ही यंत्रणा चालवण्यास विद्यार्थी पुढे आले. व्हॉलीबॉलच्या सामन्यात जाळ्याच्या टोकाशी कॅमेरा धरून उभी असलेली, कानातील यंत्रावरून सूचना ऐकत चेंडूचा माग ठेवणारी विद्यार्थिनी, आतल्या खोलीत पडद्यांच्या रांगेसमोर बसून कोणते दृश्य दाखवायचे हे क्षणात ठरवणारा तिचा वर्गमित्र आणि गुणफलकाचे आकडे पडद्यावर चढवणारा तिसरा, असे हे पथक आता परिषदेच्या प्रत्येक प्रांगणात दिसते. ज्या खेळांना पूर्वी आईवडिलांखेरीज प्रेक्षक नसत तेही आता दूरच्या गावी दिसू लागले. २०१८ मध्ये ईएसपीएनने वर्गणीवर चालणारी ईएसपीएन प्लस ही सेवा सुरू केल्यावर यांतील बरेचसे सामने तेथे गेले.

२०२० नंतर : महासाथ, स्थित्यंतर आणि सद्यःस्थिती

करोनाच्या साथीत ८ ऑगस्ट २०२० रोजी खेळाडूंच्या प्रकृतीला प्राधान्य देऊन शरदातील हंगाम पुढे ढकलणारी ‘मॅक’ ही वरच्या विभागातील पहिली परिषद ठरली. पुढे चाचण्यांची सोय झाल्यावर सहा सामन्यांचा छोटा हंगाम घेण्याचे ठरले आणि तो ४ नोव्हेंबर रोजी, प्रथेला साजेसा बुधवारीच, सुरू झाला. त्याच महिन्यात बफलोच्या जॅरेट पॅटरसनने केंट स्टेटविरुद्ध ४०९ यार्ड धावून आठ टचडाउन केले. टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले सहा गुण.

याच वर्षांत प्रक्षेपणहक्कांच्या पैशाने महाविद्यालयीन खेळाचा नकाशा बदलला. पश्चिम किनाऱ्यावरील पॅसिफिक-१२ या शतकभराची परंपरा असलेल्या परिषदेला मनाजोगता करार मिळाला नाही आणि २०२४ मध्ये तिच्या बारांपैकी दहा सभासद अन्यत्र गेले. ‘मॅक’चे बारा सभासद मात्र २०१६ पासून २०२५ पर्यंत तेच राहिले; एकमेकांपासून बसने जाण्याजोग्या अंतरावर असणे आणि फार मोठ्या रकमेची अपेक्षा नसणे, या एरवी उणिवा मानल्या जाणाऱ्या गोष्टी येथे कामी आल्या. ७ सप्टेंबर २०२४ रोजी नॉर्दर्न इलिनॉयने क्रमवारीत पाचव्या असलेल्या नोत्र दामला त्यांच्याच मैदानावर १६-१४ असे हरवले. मोठी विद्यापीठे आपल्या घरच्या मैदानावर खेळायला येण्यासाठी लहानांना ठराविक रक्कम देतात, अशा सामन्याला हमीचा सामना म्हणतात. या सामन्यासाठी नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख डॉलर मिळाल्याचे प्रसिद्ध झाले होते. प्रक्षेपणातून एका सभासदाला वर्षभरात जे मिळते त्याहून ही रक्कम अधिक आहे, यावरून लहान विद्यापीठांचे अर्थकारण कसे चालते हे कळते.

जुलै २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ पूर्ण सभासद म्हणून परिषदेत आले, तर नॉर्दर्न इलिनॉयने २०२६ पासून फुटबॉलसाठी माउंटन वेस्ट परिषदेत जाण्याचा निर्णय घेतला. त्या विद्यापीठाने या परिषदेला दिलेल्या क्षणांबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली आहे आणि पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. ‘मॅक’चे सभासद या रकमेच्या जवळपासही जाऊ शकत नाहीत, त्यामुळे येथे घडलेला खेळाडू मोठ्या संघाकडे जाण्याचा जुना ओघ यापुढे अधिक वेगवान होईल.

समारोप

ऐंशी वर्षांच्या या वाटचालीचे श्रेय आठ आयुक्तांना, विद्यापीठांच्या कुलप्रमुखांना, प्रशिक्षकांना आणि खेळाडूंना आहेच. परंतु गोठलेल्या रात्री मैदानावरील बर्फ झाडणारे कर्मचारी, तिकीटखिडकीवर बसणारे स्वयंसेवक, वाद्यवृंदातील मुले आणि कॅमेऱ्यामागचे विद्यार्थी यांचाही त्यात समान वाटा आहे. मोठ्यांच्या वेळेवर हक्क सांगण्याऐवजी कोणालाच नको असलेली वेळ स्वीकारून तिला आपले नाव देणे, हा या परिषदेचा मोठा शहाणपणा ठरला. त्याने तिला श्रीमंत केले नाही, आणि त्याची किंमत तिच्या स्वतःच्या प्रेक्षकांनी थंडीत बसून मोजली. पण ज्या काळात तिच्याहून कितीतरी संपन्न परिषदा मोडल्या त्या काळात ती उभी राहिली. ईएसपीएनशी असलेला करार २०२६-२७ च्या हंगामापर्यंतचा आहे. पुढचा करार कोणाशी आणि कितीचा होईल हे काळ ठरवील; नोव्हेंबरमधील मंगळवार आणि बुधवार ही मात्र परिषदेने स्वतः कमावलेली मालमत्ता आहे आणि पुढील वाटाघाटींत ती जपण्याची जबाबदारी आता नव्या पिढीवर आहे.